ओढ्याच्या मागोमाग पाताळांत

गुहा हा शब्द ऐकला कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम अजिंठा, वेरूळ, कार्ले अशीं नांवें उभीं राहतात. परंतु लेणें निराळें आणि गुहा निराळी. लेणें माणसानें छिन्नी-हातोड्यानें कोरलेलें असतें; तें कोणाच्या राजवटींत झालें, कोणाच्या दानांतून झालें, याचा पुष्कळदां शिलालेखावरून पत्ता लागतो. आज ज्या गुहांविषयीं मी बोलणार आहें, त्यांना शिल्पकार नाहीं आणि शिलालेखहि नाहीं. त्या पाण्यानें केलेल्या आहेत. त्या कोणीं केल्या हा त्यांचा इतिहास नव्हे; त्यांत कोण उतरलें आणि कसें उतरलें, हा त्यांचा इतिहास आहे.

आपल्या सह्याद्रींत अशा गुहा आढळत नाहींत, याचें कारण आपला काळा कातळ. तो थिजलेल्या लाव्हारसाचा दगड पाण्यानें झिजतो, पण विरघळत नाहीं. चुनखडीचा दगड मात्र विरघळतो. पावसाचें पाणी हवेंतून आणि मातींतून कर्बवायु घेतें व किंचित् आंबट होतें. तें चुनखडीच्या भेगांत शिरलें म्हणजे हजारों वर्षें आपलें काम निमूटपणें करीत राहतें. केसाएवढ्या भेगेची फट होते, फटीची नळी होते, नळीचें दालन होतें. आणि एके दिवशीं वर वाहणारा ओढा जमिनींत शिरून दिसेनासा होतो. पुढें कोसभर अंतरावर एखाद्या टेकडीच्या पायथ्याशीं तो पुन्हां प्रकट होतो. मधल्या प्रवासाची वाट पाण्याला ठाऊक असते. माणसाला ती कळून घ्यावयाची असेल तर पाण्याच्या मागोमाग जाण्यावांचून गत्यंतर नसतें. इंग्लंडांतील अशाच एका ओढ्याच्या मागोमाग माणसें कशीं गेलीं, आणि तेथवर पोंचावयास त्यांना जवळ जवळ दीडशें वर्षें कां लागलीं, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशायर परगण्यांत इंगलबरो नांवाचा डोंगर आहे. त्याची उंची २,३७२ फूट. म्हणजे आपल्या सिंहगडापुढें तो ठेंगणाच. त्याच्या वरच्या अंगास पाणी न शोषणाऱ्या दगडांचे थर आहेत, आणि त्यांच्याखालीं सुमारें ३३ कोटि वर्षांपूर्वीं समुद्राच्या तळाशीं सांचलेली चुनखडी आहे. वरच्या भागावर ओढे उघड्यावर वाहतात. चुनखडीची हद्द लागतांच ते जमिनींत शिरतात. यांपैकीं फेल बेक नांवाचा ओढा आग्नेयेकडील उतारावर एका उभ्या विवरांत कोसळतो. त्या विवराचें नांव गेपिंग गिल. नकाशावर ओढ्याची निळी रेघ त्या तोंडाशीं येऊन तुटते. विवराची खोली सुमारें ३२२ फूट असून तळाशीं एक प्रचंड दालन आहे. तें सुमारें ४२० फूट लांब, १०० फूट उंच आणि ८० फूट रुंद भरतें. वरून पडणारी धार त्या काळोखांत तुषार होऊन विखुरते आणि दगडगोट्यांच्या जमिनींत जिरून जाते.

तेथून सुमारें मैलभर अंतरावर, क्लॅपम गांवाच्या वरच्या बाजूस, एका गुहेजवळून पाण्याचा मोठा झरा बाहेर येतो. ही इंगलबरोची गुहा. पूर्वीं तींत थोडेंच आंत जातां येई; कारण चुन्याच्या क्षारांची एक नैसर्गिक भिंत तयार होऊन तिच्यामागें पाणी तुंबलें होतें. १८३७ सालीं जमिनीचे मालक फॅरर यांच्याकडून ती भिंत फोडण्यांत आली, पाणी निघून गेलें आणि आंतील लांब मार्ग मोकळा झाला. यामुळें एक प्रश्न आपोआप उभा राहिला. वर डोंगरांत गडप होणारा ओढा आणि खालीं गुहेजवळ निघणारा झरा एकच असतील, तर माणसाला वरून शिरून खालून बाहेर पडतां येईल काय?

प्रथम प्रयत्न केला तो जॉन बर्कबेक यांनीं, १८४२ सालीं. ते जवळच्या सेटल गांवचे राहणारे. पाण्याची धार अंगावर घेऊन विवरांत उतरणें अशक्य, म्हणून त्यांनीं ओढ्याचें पाणी अन्यत्र वळविण्यासाठीं चर खणविला आणि दोराला बांधून घेऊन स्वतःस खालीं सोडविलें. विवराच्या निम्म्याहून थोड्या अधिक खोलीवर एक कंगोरा आहे, तेथवर ते पोंचले. त्याच्याखालीं त्यांना जातां आलें नाहीं. तो कंगोरा आजहि बर्कबेकच्या नांवानें ओळखला जातो. या प्रसंगांतील एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. इतिहासांत नांव एका माणसाचें राहिलें, पण चर खणणारे, दोर धरणारे आणि दोर ओढून त्यास जिवंत वर आणणारे हात पुष्कळ होते.

त्यानंतर ५३ वर्षें तळ कोणीं पाहिला नाहीं. १८९५ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या पहिल्या तारखेस एदुआर आल्फ्रेद मार्तेल हा फ्रेंच गृहस्थ गेपिंग गिलच्या तोंडाशीं येऊन उभा राहिला. मार्तेल हा पॅरिसमध्यें वकिली करणारा. परंतु सुट्टीच्या दिवसांत तो फ्रान्सच्या दक्षिण भागांतील विवरें पालथीं घाली. १८८८ सालीं त्यानें सहकाऱ्यांसह ब्रामाबियो येथील भूमिगत नदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार केली होती, आणि पुढच्याच वर्षीं पादिराकच्या सुप्रसिद्ध खोल विवरांत तो उतरला होता. गुहांचा अभ्यास ही एक स्वतंत्र विद्या आहे, असें युरोपास पटवून देण्याचें श्रेय मुख्यतः त्याचें. इंगलबरोवर त्यानें बर्कबेकच्या चराचाच उपयोग केला, दोराच्या शिड्या विवरांत सोडल्या, कमरेला सुरक्षेचा दोर बांधला, आणि वरच्या मंडळींशीं बोलतां यावें म्हणून टेलिफोनची तार बरोबर घेतली. असा तो एकटाच तळापर्यंत उतरला. तें विशाल दालन मानवी दृष्टीस प्रथम पडलें तें त्या दिवशीं. मेणबत्तीच्या उजेडांत त्यानें दालनाचा आराखडा काढला आणि तो सुखरूप वर आला.

ही गोष्ट येथेंच संपली असती तर ती एका धाडसी पुरुषाची गोष्ट झाली असती. पण तिचा खरा प्रारंभ येथून आहे. लीड्स शहरांत १८९२ सालीं यॉर्कशायर रॅम्ब्लर्स क्लब नांवाचें भटक्या मंडळींचें एक मंडळ स्थापन झालें होतें. त्यांपैकीं एडवर्ड कॅल्व्हर्ट हे गेपिंग गिलांत उतरण्याची तयारी करीतच होते, इतक्यांत परदेशांतील पाहुण्यानें तो मान पटकाविला. अशा वेळीं मन खट्टू होऊन बेत सोडून देणें अगदीं साहजिक होतें. मंडळानें बेत सोडला नाहीं. पुढच्याच वर्षीं, १८९६ सालीं, त्यांनीं विवरावर रहाट बसविला, खलाशी डोलकाठीवर चढण्यासाठीं वापरतात तशी फळीची बैठक दोरास बांधली, आणि कॅल्व्हर्ट व त्यांचे सोबती एकामागून एक खालीं गेले. मार्तेलनें दालन पाहिलें होतें. या मंडळींनीं दालनाच्या कडेनें हिंडून पुढें जाणाऱ्या वाटा शोधण्यास प्रारंभ केला. एकटा माणूस तळ गाठूं शकतो. पण तळ गाठल्यावर चारी दिशांस फुटणाऱ्या बोळांत शिरावयाचें, पोटावर सरपटावयाचें, मोजमाप घ्यावयाचें, आणि अर्धवट राहिलें तें पुढच्या खेपेस पुरें करावयाचें, हें काम मंडळाचेंच.

या ठिकाणीं गिर्यारोहण आणि गुहाशोध यांतील एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. शिखर पायथ्याच्या गांवांतून सर्वांना दिसतें. विवर मात्र उतरणाऱ्यालाहि सबंध दिसत नाहीं. त्याच्या हातांतील दिव्याचा उजेड जेवढा, तेवढेंच त्याचें जग. म्हणून गुहा सबंध पाहावयाची ती नकाशावर. आणि नकाशा होतो तो पट्टी, होकायंत्र व वही घेऊन चिखलांत बसणाऱ्या पुष्कळ माणसांच्या पुष्कळ रविवारांतून. यॉर्कशायर रॅम्ब्लर्स क्लबनें १८९९ पासून आपलें नियतकालिक काढलें आणि कोण कोठवर गेलें याची नोंद छापून ठेवण्याचा परिपाठ पाडला. याच सुमारास शास्त्रज्ञांनीं विवरांत क्षार टाकून पाहिले व ते क्लॅपमच्या झऱ्यांत उतरले असें सिद्ध केलें. पाणी एकच, हें ठरलें. माणसाची वाट मात्र अजून सांपडावयाची होती.

पुढें त्या भागांत आणखी मंडळें निघालीं. क्रेव्हन पॉटहोल क्लब १९२९ सालचा, ब्रॅडफर्ड पॉटहोल क्लब १९३३ सालचा. सारा मुलूख गिरण्यांच्या शहरांनीं वेढलेला. आठवडाभर कचेरींत, शाळेंत, कारखान्यांत काम करावयाचें आणि सुट्टी लागली कीं शिड्यांचीं गांठोडीं खांद्यावर टाकून डोंगराची वाट धरावयाची, असा या मंडळींचा क्रम. त्या शिड्या दोराच्या आणि लांकडी पायऱ्यांच्या. पाणी पिऊन त्या इतक्या जड होत कीं विवरांतून वर ओढतांना दमछाक होई. प्रकाशाला प्रथम मेणबत्ती, नंतर कार्बाईडचा दिवा. पुढें तारेच्या हलक्या शिड्या आल्या, आणि अलीकडे तर एकाच दोरावरून कळ लावून उतरण्या-चढण्याची रीत रूढ झाली आहे. साधनें बदललीं, पण शिस्त बदलली नाहीं.

ती शिस्त कशी असते तें ऐकण्यासारखें आहे. धबधब्याच्या गर्जनेंत मनुष्याचा आवाज पोंचत नाहीं, म्हणून शिटीचे संकेत ठरलेले असतात. एक शिटी म्हणजे थांब. दोन म्हणजे वर घे. तीन म्हणजे खालीं सोड. प्रत्येकाजवळ एकाहून अधिक दिवे असावेत, कारण काळोखांत विझलेला एकच दिवा हा मृत्यूचा निरोप ठरूं शकतो. आपण कोणत्या गुहेंत जात आहों आणि किती वाजतां परतूं, हें बाहेर कोणास तरी सांगून जावयाचें. ती वेळ टळली कीं त्यानें शोधाला माणसें पाठवावयाचीं. आणि बरोबर निदान चौघे असावेत. चारच कां? एक जायबंदी झाला तर एकानें त्याच्याजवळ बसावें आणि उरलेल्या दोघांनीं मदत आणण्यास जावें. कारण काळोख्या वाटेनें एकट्यानें परत जाणेंहि धोक्याचेंच. श्रोतेहो, मैत्रीवर मोठमोठीं भाषणें आपण ऐकतों. या चाराच्या आंकड्यांत तिचें जितकें स्पष्ट गणित मांडलें आहे, तितकें मीं अन्यत्र पाहिलें नाहीं.

हें गणित उगाच मांडलेलें नाहीं. विवरांत पाय मोडलेल्या माणसास वर आणणें हें डॉक्टराचें काम नव्हे, पोलिसांचेंहि नव्हे. तें दुसऱ्या गुहाशोधकांनाच जमतें. हें ओळखून १९३५ सालीं या मंडळांनीं मिळून गुहांतील अपघातग्रस्तांना सोडविणारी संस्था उभारली. अशा प्रकारची ती जगांतील पहिली संस्था मानली जाते. तिचे लोक पगारी नाहींत. हांक आली कीं हातांतलें काम टाकून निघावयाचें, हा त्यांचा शिरस्ता आजहि चालू आहे.

कांहीं वेळां ही सारी सिद्धताहि अपुरी पडते. २४ जून १९६७ रोजीं यॉर्कशायरमधील मॉसडेल नांवाच्या गुहेंत दहा तरुण शिरले. त्यांपैकीं चौघे लौकर बाहेर आले. सहा पुढें गेले. बाहेर मुसळधार पाऊस झाला. चौघांपैकीं एक तरुणी पुन्हां गुहेच्या तोंडाशीं येऊन पाहते तों तोंड पाण्याखालीं गेलेलें. ती माळरानावरून धांवत गेली आणि तिनें टेलिफोन गांठला. चहूंकडून मंडळांचे लोक धांवून आले. त्यांनीं चर खणून ओढा वळविला आणि पाणी ओसरतांच आंत प्रवेश केला. पण ते सहाहि जण मरण पावले होते. त्यांचे देह आंतच राहिले. ब्रिटनच्या गुहाशोधाच्या इतिहासांत इतकी दारुण घटना दुसरी नाहीं. अशा प्रसंगानंतर वडीलधारीं माणसें विचारतात, कीं हा जिवावरचा खेळ हवाच कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर धाडसाच्या स्तुतीनें देतां येत नाहीं. ज्यांचीं मुलें गेलीं त्यांच्यापुढें स्तुतीचे शब्द पोकळच वाटतात. एवढेंच म्हणतां येतें, कीं त्या दिवशीं धांवून आलेले लोक आपलें घर, आपली झोप आणि प्रसंगीं आपला जीव पणास लावून आले होते. आणि ती तयारी त्यांच्या अंगीं याच रविवारच्या भ्रमंतींतून आली होती.

आतां पुन्हां आपल्या ओढ्याकडे वळूं. गेपिंग गिलच्या दालनांतून फुटणाऱ्या वाटा वर्षानुवर्षें लांबत गेल्या. आसपासच्या लहान विवरांतून तेथें पोंचण्याचे दुसरे मार्गहि सांपडले. इकडे इंगलबरोच्या गुहेंतील मंडळीहि आंत आंत सरकत होती. परंतु मधला भाग पाण्यानें आणि ढासळलेल्या दगडांनीं भरलेला. तेथें दोर आणि शिडी निरुपयोगी; पाण्याखालून जाण्याची विद्या हवी.

ती विद्याहि मित्रांच्या जोडीनेंच आणली. ग्रॅहॅम बॅल्कोम आणि जॅक शेपर्ड हे दोघे टपाल खात्यांतील इंजिनियर. १९३५ सालीं त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांतील वूकी होल या गुहेंत पाणबुड्यांचा अवजड पोषाख घालून बुडी मारली. त्या तुकडींत पेनेलोप पॉवेल ही स्त्रीहि होती. १९४६ सालीं बॅल्कोम यांनीं गुहांतून बुडी मारणारांचें एक स्वतंत्र मंडळ स्थापन केलें. गढूळ पाण्यांत हातावर हात दिसत नाहीं. परतीची वाट दाखविण्यास बरोबर नेलेली दोरी तेवढी असते. या विद्येंत तयार झालेल्या पुढच्या पिढीनें इंगलबरोच्या खालच्या बाजूचे पाण्यानें भरलेले बोगदे एकामागून एक मागें टाकले. अखेरीस १९८३ सालीं वरची वाट आणि खालची वाट एकमेकींस मिळाल्या. जेफ येडन आणि जेफ क्रॉसली हे दोघे गेपिंग गिलच्या बाजूनें शिरून इंगलबरोच्या गुहेंतून बाहेर आले. बर्कबेकच्या प्रयत्नाला तेव्हां १४१ वर्षें झालीं होतीं. सुमारें मैलभराचें तें अंतर काटावयास मनुष्याच्या पांच-सहा पिढ्या खर्चीं पडल्या. ज्या दोघांनीं शेवटचें पाऊल टाकलें त्यांच्या पायांखालीं आधींच्या शेंकडों माणसांनीं मोजलेली जमीन होती.

हाच धडा त्या परिसरांत आणखी मोठ्या प्रमाणावर गिरविला गेला आहे. १९४६ सालच्या सप्टेंबरांत कॅस्टर्टनच्या माळावर दोघे सोबती विश्रांति घेत होते. वारा पडलेला असतांहि एका ठिकाणचें गवत हलतांना त्यांस दिसलें. खालून हवा येत होती. दगड बाजूस सारले तों सुमारें ११० फूट खोल विवर निघालें. त्यास लँकेस्टर होल म्हणतात. तीन परगण्यांच्या खालून जाणाऱ्या गुहा एकमेकींस जोडतां येतील, अशी कल्पना १९६८ सालीं डेव्ह ब्रूक यांनीं मांडली, आणि वेगवेगळ्या मंडळांच्या लोकांनीं खणून, मोजून, पोहून ती २०११ सालीं सिद्धीस नेली. ब्रिटनमधील सर्वांत लांब गुहा ती हीच. हलणारें गवत पाहावयास दोन डोळे पुरले. गुहा जोडावयास तीं सारीं मंडळें लागलीं.

आपल्या देशाशींहि या परंपरेचा धागा जुळलेला आहे. मेघालयांतील खासी व जयंतिया टेंकड्यांत चुनखडी विपुल असून पाऊस तर जगांत गाजलेला. तेथील भाषेंत गुहेला क्रेम म्हणतात. १९९२ पासून तेथील स्थानिक मंडळाचे लोक आणि ब्रिटन व युरोपांतील गुहाशोधक मिळून या गुहांची मोजणी करीत आले आहेत. क्रेम लियात प्राह ही तीस किलोमीटरहून लांब भरली. आणि २०१८ सालीं क्रेम पुरी ही वालुकाश्मांतील गुहा चोवीस किलोमीटरहून अधिक लांब असल्याचें मोजून सिद्ध झालें. चुनखडीच्या खाणी जेथें डोंगर पोखरीत आहेत, तेथें या नकाशांना नुसत्या कुतूहलापलीकडे मोल आहे. जें मोजलेलें आहे त्याचें रक्षण करा असें निदान म्हणतां तरी येतें. जें कोणास ठाऊकच नाहीं, तें नाहींसें झालें तरी कोणास कळत नाहीं.

गेपिंग गिलवर आजहि दरवर्षीं एक लोभस प्रथा पाळली जाते. मे महिन्याच्या अखेरीस ब्रॅडफर्डचें मंडळ आणि ऑगस्टमध्यें क्रेव्हनचें मंडळ त्या तोंडावर यंत्राचा रहाट बसवितें, ओढा बाजूस वळवितें, आणि कोणाहि पाहुण्यास खुर्चींत बसवून दालनांत उतरवितें. खालीं जाण्यास पैसे पडत नाहींत, ते वर येण्याचे पडतात, असा जुना विनोद तेथें सांगतात. ज्या तळासाठीं बर्कबेकनें जीव धोक्यांत घातला, जेथें मार्तेल एकटा उभा राहिला, तेथें आज म्हातारींकोतारीं माणसें आणि शाळेंतील मुलें जाऊन येतात. मंडळानें आपला ठेवा कुलुपांत ठेवला नाहीं, याचा मला विशेष आदर वाटतो.

आपल्याकडेहि रविवारीं गडकोट आणि घाटवाटा पालथ्या घालणारीं तरुणांचीं मंडळें आहेत. त्यांना या यॉर्कशायरच्या गिरणगांवकऱ्यांकडून घेण्यासारखी गोष्ट असेल, तर ती धाडस नव्हे. धाडस त्यांच्याजवळ पुष्कळ आहे. ती गोष्ट म्हणजे वही. परतल्यावर त्याच रात्रीं वहींत लिहावें, कीं अमुक दिवशीं अमुक जण गेले, येथवर पोंचलों, इतकें मोजलें; आणि शेवटीं एक रकाना अवश्य ठेवावा, कीं काय पाहावयाचें राहिलें. गेपिंग गिलच्या इतिहासांत प्रत्येक पिढीनें आरंभ केला तो मागच्या पिढीच्या याच रकान्यापासून.